अठरा वर्षांची सिबिल

२३ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

सकाळी कपाळावर राख लावून घेतली. पुसायची राहूनच गेली. दुपारी कारखान्यातले कारागीर हेर्मेन म्हणाले, "बाई, एवढा चांगला काळा रंग कपाळावर वाया चाललाय, पाट्यावर घ्या की." हसायला हवं होतं. हसले नाही. ते बिचारे पुन्हा रंग वाटायला लागले.

आजपासून ईस्टरपर्यंत वेदीवरच्या चित्रांची दारं बंद. गेंटमधल्या झाडून सगळ्या चर्चमध्ये आतली लाल-निळी-सोनेरी चित्रं मिटवून टाकलीत, बाहेर नुसत्या करड्या दगडासारख्या मूर्ती. लोकांना हे दिवस जड जातात. मला बरे वाटतात. मला गेलं वर्षभर सगळं करडंच दिसतंय, आता निदान सगळ्यांनाच तसं दिसेल.

माझ्या नवऱ्याच्या, लिव्हेनच्या, नमुन्यांच्या वहीत मागे बरीच पानं कोरी आहेत. त्यांवर लिहितेय. वडील शाळामास्तर, म्हणून लिहिता येतं. कुणाला दाखवायचं नाही. डोक्यात एकच गोष्ट जात्यासारखी फिरत राहते, ती कागदावर टाकली तर थांबेल असं वाटलं.

गोष्ट ही — लिव्हेनला जाऊन २१ एप्रिलला एक वर्ष नि एक दिवस होईल. चित्रकार गेला तर त्याचं अर्धवट काम बायकोनं तेवढ्या मुदतीत पुरं करायचं, असा आमच्या चित्रकार-संघाचा नियम. पंचांनी पसंत केलं तर कारखाना तिच्या नावावर चालतो. नाही तर दाराला कुलूप. मग हेर्मेन कुठे जाणार? पन्नाशी उलटली त्यांची. आणि मी कोर्ट्रिकला भावाकडे. वहिनीच्या पोरांचे मोजे विणत बसायचं. तेवीस वर्षं मी ह्या कारखान्यात रंग वाटले, झालरी रंगवल्या, संतांचे हात रंगवले. मोजे मला विणता येत नाहीत.

काम एकच उरलंय. मासळीबाजारामागच्या चर्चची वेदी. आतली चित्रं लिव्हेन पुरी करून गेला. बाहेरच्या दोन दारांवर दोन सिबिल — डावी हेर्मेननी संपवली. उजवी कापडात गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवलीय. मी कापड सोडलेलं नाही अजून.

२४ फेब्रुवारी

खारवलेले हेरिंग मासे. वाटाणे. पाऊस.

१ मार्च

सासूबाई खालच्या खोलीत असतात, चूल त्यांच्याकडे. आज वाटाणे निवडताना एकदम म्हणाल्या, "मला एक सांग योसिन, ह्या सिबिल म्हणजे ख्रिस्ती नव्हत्याच ना?"

म्हटलं, "नाही. येशूच्या कितीतरी आधीच्या. मूर्तिपूजकांच्यातल्या भविष्य सांगणाऱ्या बाया. कुमारीला बाळ होणार म्हणून त्यांनी आधीच सांगितलं होतं."

"मग सांगून आत का नाही आल्या? दारावरच उभ्या!"

"त्यांना दिसलं, पण त्या तेव्हा तिथे नसणार होत्या. म्हणून बाहेर."

"बिचाऱ्या," म्हणाल्या, नि एक किडका वाटाणा फेकून दिला.

हेर्मेन जेवायला बसले होते. त्यांनी पुन्हा पाचव्या पायाची गोष्ट काढली. शंभरदा ऐकलीय. ते शिकत होते तेव्हा त्यांच्या गुरूनं संत जॉर्जच्या घोड्याचा एक पाय चुकीचा काढला, मग त्यावर पांढरा फासून दुसरीकडे काढला. पण पांढरा लावला पातळ! पातळ पांढरा म्हातारा होतो तसा विरत जातो, खालची रेघ वर यायला लागते. तीस वर्षांनी घोड्याला पाचवा पाय फुटला. आणि गावातल्या बाया त्या पायापुढे मेणबत्त्या लावतात, पांगळी पोरं घेऊन येतात!

सासूबाई नेहमीसारख्या खो खो हसल्या. लिव्हेन असता तर म्हणाला असता, "आणि बरीही होतात, ते सांग ना." तो हे दरवेळी म्हणायचा. आज ते कुणीच म्हटलं नाही.

५ मार्च

कापड सोडलं.

मी काय बघायला घाबरत होते कुणास ठाऊक. फळी आहे. ओक लाकडाची, चांगली वाळलेली फळी. झगा पुरा, करडा, दगडातून कोरल्यासारखा. डोक्याला पूर्वेकडच्या बायकांसारखं गुंडाळलेलं फडकं, तेही पुरं. हातातली लांब पट्टी कोरी, तिच्यावर अक्षरं घालायचीत. चेहऱ्याला मात्र रंग नाही. पांढऱ्या अस्तरावर त्याच्या काळ्या रेघा तेवढ्या.

म्हातारी आहे.

चांगली सत्तरीची. गाल आत गेलेले, हनुवटीखाली कातडी लोंबतेय, तोंडाच्या कोपऱ्यांशी दोन खोल चरे. डोळे मात्र आपल्याकडे नाहीत, खिडकीकडे. काहीतरी ऐकतेय पण उत्तर द्यायचं नाही असं ठरवलेली बाई.

आणि ही तर कुमाएची सिबिल! पुस्तकातली यादी लिव्हेननंच मला वाचून दाखवली होती — कुठली केवढी, कुणाचे कपडे कसे. कुमाएची अठरा वर्षांची. अठरा! त्याला पाठ होतं ते.

ही कोण बाई आहे?

६ मार्च

काहीही वाटत नाही. चीड येईल असं वाटलं होतं. शेवटचे चार महिने त्यानं ही फळी मांडीवर घेतली होती, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हता. माझ्यासाठी एक ओळसुद्धा लिहून ठेवली नाही, आणि ह्या कुणा म्हातारीच्या डोळ्यांखालची एकेक सुरकुती काढत बसला. हे मी लिहितेय, आणि वाण्याकडून काय आणायचं ते लिहिल्यासारखं लिहितेय.

९ मार्च

आज रंग वाटताना आठवलं.

तो खिडकीशी, पाठीला दोन उशा, मांडीवर फळी. मी समोर पाट्यावर. खोकला आला की ब्रश बाजूला धरायचा, फळीवर शिंतोडा नको म्हणून. आणि सारखा माझ्याकडे बघायचा. तासन्तास. म्हणायचा, "मान जरा खिडकीकडे कर." मी म्हणायचे, "का?" तर म्हणे, "उजेड अडतोय."

एकदा विचारलंन, "तुझ्या आईच्या गालांचं म्हातारपणी काय झालं होतं गं? आत गेले होते की लोंबले होते?" मला वाटलं ताप चढलाय. कपाळाला हात लावून बघितला.

आणि एकदा मी चिडले. पंचवीस ठिकाणी हात अडकलेले, बिछाना धुवायचा, रंग वाटायचा, आणि हा नुसता बघतोय. म्हणाले, "बघत काय बसलास? बघून काम होत नाही!"

तो म्हणाला, "होतं."

मी पाय आपटत खाली निघून गेले. ते शेवटचं भांडण. भांडण तरी कसलं, तो भांडलाच नाही.

१२ मार्च

सासूबाईंना वर बोलावलं. लिव्हेन गेल्यापासून त्या जिना चढल्या नव्हत्या. वर आल्या, फळीसमोर उभ्या राहिल्या, कमरेवर हात. मी विचारणार होते, कुणी ओळखीची आहे का, कोपऱ्यावरची हेरिंगवाली वगैरे. त्यांनी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा फळीकडे.

"एवढी म्हातारी कशाला केली त्यानं," म्हणाल्या. "बघवत नाही मला."

आणि कठडा धरून खाली गेल्या. वाटाणे करपवले. त्या कधी काही करपवत नाहीत.

जाताना पाट्यामागच्या आरशावरच्या काळ्या कापडाला हात लावून म्हणाल्या, "हे तरी काढ आता, वर्ष होत आलं." तो लिव्हेनचा गोल आरसा, चित्र उलटं बघून चुका शोधायचा. मरण झालं तेव्हा झाकला. म्हटलं, राहू दे. मला त्यात काय बघायचंय? टोपीखाली केस पांढरे झालेत असं त्याच म्हणतात. झाले असतील.

१८ मार्च

फादर एव्हरार्ट येऊन गेले. वेदीचं काम त्यांच्याच चर्चचं. नाक लाल, बोटं बाह्यांत. डावीकडची सिबिल बघून खूष. हेर्मेन उगाच खाकरले.

मग उजवी.

"ही कोण?"

"कुमाएची, फादर."

"ही? ही तर माझी आजी!" खिशातून यादी काढली. नाकाजवळ धरून वाचलं. "कुमाएची सिबिल. वय वर्षं अठरा. अठरा, बाई! एकावर आठ. तिच्या चेहऱ्यावर तारुण्य हवं, कारण ती नव्या युगाची गोष्ट सांगते. ही कसलं नवं युग सांगणार? ही सांधेदुखी सांगेल."

मी फडक्याला हात पुसले.

मग त्यांचा आवाज मऊ झाला. "मास्तर लिव्हेन आजारी होते. चूक झाली असेल. माणसाला तापात काय काय दिसतं." यादीची घडी घातली. "पवित्र आठवड्याच्या आत अठरा वर्षांची करा. नाही तर पंच मला विचारतील तेव्हा मी पसंत म्हणू शकणार नाही. खोटं मला बोलता येत नाही, त्यातून उपवासाचे दिवस."

माणूस वाईट नाही. जाताना सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली.

लिव्हेनची चूक. इतक्या वर्षांत त्याच्या चुका मी पुष्कळ पाहिल्या. घोड्यांचे खूर त्याला कधी जमले नाहीत. पण चेहऱ्यात चूक? ती म्हातारी चूक नव्हती. ती कोण होती ते मला माहीत नाही, पण ती त्याला अगदी नीट माहीत होती.

१९ मार्च

अठरा करायची. कारखाना ठेवायचा. ठरलं.

२५ मार्च, देवदूताच्या निरोपाचा सण

चर्चमध्ये मिस्सा, सणाची प्रार्थना. मग मासळीबाजारातून घरी आले, मुद्दाम सावकाश. म्हाताऱ्या बघत. हेरिंगवाली — गोल चेहरा, नव्हे. दोरखंड विकणारी — नाक मोडलेलं, नव्हे. पुलाशी बसते ती भिकारीण, तिला नाणं देताना इतकी टक लावून बघत राहिले की ती म्हणाली, "पोरी, माझ्याकडे काय बघतेस, पुढे तुझंही हेच होणार आहे."

त्यातली कुणीच नाही. मग त्यानं पाहिली कुठे? चार महिने तो घराबाहेर पडला नव्हता.

फळीवर रंग चढवण्याआधी ती कोण हे कळलं असतं तर बरं झालं असतं. ज्या माणसाला पुरायचं त्याचं नाव तरी विचारतात.

२८ मार्च

हेर्मेनना म्हटलं, चेहरा तुम्ही करा, तुमचा हात बरा.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "मी नाही."

"का?"

"का म्हणजे? बाई, तुम्ही मला डुकरं रंगवायला सांगा, सैतानाचं ढुंगण रंगवायला सांगा, रंगवतो. त्या चेहऱ्यावर मी रंग घालणार नाही. घालायचाच असेल तर तो फक्त तुम्हीच घालू शकता." वर म्हणाले, "तुमचं मन घट्ट आहे. मला जमलं नसतं."

मन घट्ट! मन आहे की नाही तेच मला माहीत नाही. घट्ट असायला काहीतरी असावं तर लागतं.

३१ मार्च

झालं.

पहाटेच्या उजेडात बसले. शिशाचा पांढरा, हाडांचा काळा, चिमूटभर पिवळी माती, अक्रोडाचं तेल. आधी वाटलं, सगळंच पांढऱ्यानं बुजवावं नि नव्यानं काढावं. पण नव्यानं चेहरा काढायचा तर कुणाचा? माझ्याकडे अठरा वर्षांची कुणी नाही. असती तर... ते जाऊ दे. जन्मून तिसऱ्या दिवशी गेलेल्या पोरीचं वय मी मोजत नाही.

म्हणून त्याचीच हाडं ठेवली. कपाळ त्याचं, नाकाची उतरण त्याची, गालांची हाडं, हनुवटी — त्याच्याच रेघांवरून गेले. काढल्या त्या फक्त सुरकुत्या. डोळ्यांखालच्या आधी. मग तोंडाशेजारचे दोन चरे. ते बुजवताना हात थबकला. गाल भरले. हनुवटीखालची कातडी उचलली. एकेक वर्ष उतरवत गेले. कांद्याची सालं काढावीत तसं, फक्त डोळ्यांत पाणी नाही.

दुपारपर्यंत एक पोरगी बसली होती समोर. अठराची. जराशी हट्टी. खिडकीकडे बघतेय.

बरी जमली. मला काही वाटलं नाही.

१ एप्रिल

हेर्मेननी बघितलं. बराच वेळ. भुवया वर गेल्या. मग फळी तिरकी करून उजेडात धरली.

"पातळ लावलात."

"हो."

"फार पातळ लावलात, बाई! वर आणखी एक हात द्या. नाही तर तीस वर्षांनी पाचवा पाय."

"देत नाही," म्हटलं. "तीस वर्षांनी कोण बघायला येणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी काहीतरी मोठं बोलले. मी आळस केला होता, एवढंच. दुसरा हात द्यायचा म्हणजे तिच्यावर पुन्हा एकदा जायचं. एकदा गेले तेवढं पुष्कळ.

३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

पट्टीवर अक्षरं घातली. वडिलांनी गिरवून घेतलेलं अक्षर इथे कामाला आलं. थंडी.

५ एप्रिल

पंच आले. तिघं. फळीमागचा संघाचा शिक्का बघितला, सांधे ठोकून बघितले, डाव्या सिबिलच्या झग्याचा वास घेतला (का?). फादर एव्हरार्ट हजर. त्यांनी यादी उघडून पोरीशी ताडून पाहिली, मान डोलावली. "अठरा," म्हणाले. "अगदी अठरा."

पसंत. कारखाना माझ्या नावावर. हेर्मेन राहिले. दारावर 'योसिन, लिव्हेनची विधवा' अशी पाटी.

सासूबाईंनी खाली स्वतः बिअरचा पेला भरला नि मला दिला. मी प्याले. ज्यासाठी वर्षभर झटले ते मिळालं. दुसऱ्या कुणाला मिळालं असावं तसं वाटतंय.

७ एप्रिल

दारं चर्चला नेऊन बिजागऱ्यांत बसवली. हेर्मेन नि दोन हमाल. रंग अजून ओलसर, कुणी हात लावू नये म्हणून मी बरोबर गेले. आज मिस्सानंतर घंटा बंद झाल्या. रोमला गेल्या म्हणतात, शनिवारी परत येतील. तोवर लाकडी टिपऱ्या. शहर गप्प झालं की मला बरं वाटतं.

८ एप्रिल, शुभ शुक्रवार

सासूबाईंना हात धरून चर्चमध्ये नेलं. वेदी उघडी-बोडकी, कापड नाही, मेणबत्ती नाही. वर फक्त बंद दारं, दोन करड्या बाया.

सासूबाई उजवीकडच्या पोरीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी तिला आजच पहिल्यांदा बघितलं. हळूच माझा दंड दाबला.

"अगदी तू लग्न होऊन आलीस तशी," म्हणाल्या. "तोच हट्टी चेहरा. मी म्हटलं होतं लिव्हेनला, ही पोरगी जड जाईल."

मी म्हटलं, "काय?"

"बरं केलंस, म्हातारी तू काढून टाकलीस. मला बघवतच नव्हती ती. तुझा चेहरा, नि एवढा थकलेला. तू सत्तरीची होणार नि तेव्हा माझा लिव्हेन नसणार, हेच सगळं त्यात दिसत होतं."

समोर फादर वाचत होते. लोक गुडघ्यांवर. मीही गुडघ्यांवर गेले.

घरी येऊन सरळ वर गेले. जेवायला उतरले नाही. त्यांना वाटतंय मी शुक्रवार पाळतेय.

९ एप्रिल

आज ईस्टरची झाडलोट. सासूबाईंनी न विचारता आरशावरचं कापड ओढून काढलं, धुवायला. मी पाणी घेऊन वर गेले, नि आरसा समोर.

गाल आत गेलेत. तोंडाच्या कोपऱ्यांशी दोन चरे, अजून उथळ आहेत, पण त्यानं काढले होते तिथेच, तसेच. मान खिडकीकडे वळवली. "उजेड अडतोय" — खोटारडा! उजेड कुठे अडत होता? आईच्या गालांचं विचारत होता तो ताप नव्हता. समोर बसून, खोकत, तो मला चार दिवसांत एक वर्ष ह्या वेगानं म्हातारी करत होता. मरायच्या आधी त्याला मी म्हातारी बघायची होती. राहिलेली तीस वर्षं त्यानं चार महिन्यांत बघून घेतली. आणि मी म्हणाले, बघून काम होत नाही.

आणि ती मी बुजवली. माझ्या हातानं. सुरकुती-सुरकुतीनं.

रडले. जिन्यावर बसून, बादली शेजारी. वर्षात पहिल्यांदा. सासूबाई खालून ओरडल्या, "काय सांडलंस?" मग वर आल्या, बघितलं, शेजारच्या पायरीवर टेकल्या. गुडघे दुखतात तरी. दुपारी घंटा परत आल्या, आम्ही तिथेच होतो. खूप दुखतंय. किती दिवसांनी काहीतरी दुखतंय.

१० एप्रिल, ईस्टर

आमच्याकडे साल ईस्टरला बदलतं, तेही बदललं. दारं उघडली. लाल, निळा, सोनेरी. सगळं डोळ्यांत घुसलं. उघडल्यावर सिबिल मागे जातात, भिंतीकडे तोंड करून.

अंडी, कोकरू, पांढरा पाव. हेर्मेन जेवायला होते. त्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

त्यांचा घास हातात राहिला. "म्हणजे? तुम्हाला नव्हतं?" रंगच उडाला त्यांचा. "अहो बाई, घरात सगळ्यांनाच माहीत होतं. मास्तर मला म्हणाले होते, तिला मुद्दाम सांगू नकोस, बघितल्यावर कळेल. मला वाटलं तुम्ही कळूनच... कारखान्यासाठी..." मग त्यांनी पंच, फादर आणि पुस्तकं लिहिणारे ह्या सगळ्यांना मिळून एक शिवी हासडली. सासूबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली, पण शिवीला हरकत घेतली नाही.

पुढे वाकून हळू म्हणाले, "अजून ओला आहे. दहाच दिवस झालेत. तेलाच्या फडक्यानं सगळा येईल. चर्चचा चावीवाला माझ्या ओळखीचा. तुम्ही हो म्हणा, उद्या सकाळी पुसून टाकू. म्हातारी परत!"

आणि कारखाना जाईल. हे ते बोलले नाहीत. त्यांचा स्वतःचा ठावठिकाणा जाईल, तेही नाही. नुसते बघत राहिले माझ्याकडे.

म्हटलं, उद्या सांगते.

११ एप्रिल

पुसायचं नाही, असं हेर्मेनना सांगितलं.

पांढरा मी पातळ लावलाय. आज मी एकेचाळीसची. तीस वर्षांनी त्या पोरीच्या तोंडाशी पहिले दोन चरे उमटतील, मग गाल, मग हनुवटी. उपवासाच्या दिवसांत, दारं बंद असताना, मी काठी टेकत जाईन नि समोर उभी राहीन. त्यानं बरोबर काढलंय का, हे बघायला तेवढं जगायला हवं.